दुसरा कंट्रोलर

सोसायटीच्या ‘देणे-घेणे’ ग्रुपवर कोण कधी काय विकायला काढील याचा नेम नसतो. पाळणे येतात, पाळणे जातात. ज्यांच्यावर वर्षभर फक्त ओले टॉवेल वाळले ती चालायची मशिनं येतात. परवा तर कुणीतरी माशांची काचपेटी माशांसकट काढली होती. इरफान एरवी हा ग्रुप उघडायचा नाही. पण त्या दिवशी कंपनीची कॅब हिंजवडी सोडून माणच्या पुढे अशी काही अडकली होती की ड्रायव्हरनं इंजिन बंद करून, चपला काढून पाय सीटवर घेतले होते, आणि अशा वेळी माणूस काहीही उघडतो. उघडलं. पहिलाच फोटो एका प्लेस्टेशनचा, टीव्हीला जोडून खेळायच्या मशिनचा. सतरंजीवर ठेवलेलं, वायरी नीट गुंडाळलेल्या, बाजूला दोन कंट्रोलर. खाली लिहिलं होतं, ‘उत्तम स्थितीत. वापर नसल्यामुळे देणे आहे. डी विंग.’ नाव वाचायच्या आधीच त्याला दिसलं की दोन्हींपैकी एका कंट्रोलरच्या, अंगठ्यानं फिरवायच्या डाव्या स्टिकवर काळं रबर चढवलेलं आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली चकती. ती चकती त्याच्या अब्बांनी पौडच्या दुकानात बसून कात्रीनं कापली होती, आणि जगात दुसऱ्या कुठल्या कंट्रोलरला तशी असणं शक्य नव्हतं. म्हणजे त्याचा जुना दोस्त ऋषिकेश आपलं प्लेस्टेशन विकत होता, आणि त्यासोबत इरफानचा कंट्रोलरही विकत होता.

आता यात एवढं काय आहे? इरफाननं स्वतःला विचारलंसुद्धा. चाळिशी ओलांडलेला, दाढीत पांढरे आलेला, बीपीची गोळी चालू असलेला माणूस; खेळण्यासाठी रुसायचं वय आहे का हे? तरी पण त्यानं फोटो मोठा करून ती चकती पुन्हा बघितली. विकायचं तर विक बाबा, तुझी वस्तू आहे. पण माझ्या कंट्रोलरचं काय? आणि मला ग्रुपवरून कळावं? डी विंगमधून बी विंगमध्ये चालत यायला चहा निवायचासुद्धा नाही, एवढं अंतर. दोघांचा नियम जुना होता, नांदे गावात एका खोलीत राहायचे तेव्हापासूनचा: दुसऱ्याच्या कंट्रोलरनं खेळायचं नाही. प्रत्येकाच्या अंगठ्यानं स्टिक वेगळी झिजते, दुसऱ्याची हातात घेतली की दुसऱ्याचे बूट घातल्यासारखं होतं. म्हणून लग्नं झाली, घरं वेगळी झाली, तेव्हा त्यांनी एकमेकांच्या घरी आपापला एक कंट्रोलर ठेवून दिला. ऋषिकेशचा इरफानच्या टीव्हीखालच्या खणात होता. दर शुक्रवारी संध्याकाळी इरफान तो बाहेर काढून चार्जिंगला लावायचा, शनिवारी कदाचित येईल म्हणून. शनिवार येत होते. कंट्रोलर भरलेलाच होता.

कॅब थोडी सरकली, पुन्हा थांबली. नांद्याचा फाटा आला तसं त्यानं खिडकीतून बघितलं, आणि नेहमीप्रमाणे त्याला काहीही ओळखू आलं नाही. इथं ऊस होता. उसाच्या कडेला कोंडाजी ढमाल्यांचं पत्र्याचं घर होतं आणि घराच्या मागे दोन खोल्या, त्यातल्या एकीत तो आणि नांदेडहून आलेला ऋषिकेश. दोघंही नव्यानंच कंपनीत लागलेले, दोघांनाही काम कुणी देत नव्हतं, दोघांचाही पगार मात्र होत होता. पहिल्या पगारातून गादी घ्यायची का प्लेस्टेशन घ्यायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. चटईवर झोपले आणि प्लेस्टेशन घेतलं. फुटबॉलचा खेळ सुरू झाला की कोंडाजी धार काढून झाल्यावर दाराशी येऊन उकिडवा बसायचा. त्याला वाटायचं, खरीच मॅच चालू आहे. ‘आरं, त्ये पिवळं बेनं लई पाय मारतंय, त्येला हाकला की भाईर,’ म्हणायचा. ऋषिकेश हसून लोळायचा. एकदा इरफाननं समजावून सांगितलं की बाबा, हे खरे नाहीत, हे आम्हीच हलवतो. कोंडाजीनं बराच वेळ दोघांच्या अंगठ्यांकडं बघितलं आणि म्हणाला, ‘मंग तुमी हरता कशापाई? सोताच हलवताय तर जितावं की मानसानं.’ हा प्रश्न ते पुढं कितीतरी दिवस एकमेकांना विचारत राहिले. कुणाचं लग्न फिसकटलं, कुणाचं प्रमोशन हुकलं की दुसरा म्हणायचा, ‘मंग तुमी हरता कशापाई?’ कोंडाजीनं पुढं ऊस विकला, मग जमीन विकली, आणि आता तिथं एका टॉवरला ग्रीन म्हणजे हिरवं असं काहीतरी नाव होतं. इरफानला त्याचं फार वाईट वाटायचं असं नाही. त्याला त्या खोलीचं वाईट वाटायचं. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, दोघं उघड्या अंगानं भिंतीला पाठ लावून बसायचे, आणि त्याला अजूनही ऋषिकेशच्या खांद्याचा दमट चिकटपणा आपल्या खांद्याला आठवायचा. त्यानंतर तो कुणाच्याही एवढा जवळ बसलेला नव्हता, फरहतच्यासुद्धा नाही. असं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

ऑफिसात तेव्हा दोन तट होते. प्लेस्टेशनवाले आणि एक्सबॉक्सवाले. कँटीनमध्ये जेवणाचे डबे उघडे पडायचे आणि भांडणं चालायची, याचे खेळ भारी का त्याचे, याच्या कंट्रोलरची मूठ बरी का त्याची. सौरभ म्हणून एक होता, त्यानं एक्सबॉक्स घेतला म्हणून इरफाननं त्याच्याशी दिवाळीपर्यंत धड बोलणं टाकलं होतं. आज हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पण इरफानच्या घराण्यातच ही खोड होती. त्याचे अब्बा गनीभाई, पौडच्या बाजारपेठेत त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान, त्यांनी उभ्या आयुष्यात एकाच कंपनीची बॅटरी विकली. बॅटरी म्हणजे टॉर्च. लोक दुसरी मागायला यायचे, ‘गनीभाई, ती चायनाची न्हाई का? स्वस्त हाय म्हनं.’ अब्बा म्हणायचे, ‘जा की पुन्याला, तितं मिळंल.’ गिऱ्हाईक गेलं तर गेलं. एकदा धरलं की धरलं. ती कंपनी बंद पडली तरी फळीवर तिच्या टॉर्चा ओळीनं उभ्या होत्या आणि अब्बा रोज त्यांच्यावरून फडकं मारायचे. इरफान लहानपणी त्याच दुकानाच्या माळ्यावर कॅसेटचा टीव्ही-गेम खेळायचा. त्यात खेळ जतन व्हायची सोय नव्हती. वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि पौडात वीज जायची. तेव्हा तो रडायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, न कुरकुरता. एवढी इच्छा त्या वेळी कुठून यायची कुणास ठाऊक. आता तर ज्या खेळांसाठी कँटीनमध्ये गळे धरले ते खेळ दोन्ही मशिनांवर मिळू लागले होते. लढाई कधीच मिटली होती. दोन्ही कंपन्यांनी आपापसात समजून घेतलं आणि मधल्यामध्ये इरफानसारखे येडे मोर्चावर उभेच राहिले, कारण त्यांना कुणी जा म्हणून सांगितलंच नाही.

घरी आला तेव्हा फरहत गॅलरीतले कपडे काढत होती. भुकूमच्या टेकडीवर अजून ऊन होतं. ती शाळेत शिकवायची, घरी आली तरी आवाज वर्गातलाच असायचा. त्याचा चेहरा बघून म्हणाली, ‘काय झालं? अब्बांना बरं नाही का?’ 

‘नाही, नाही. ऋषिकेश प्लेस्टेशन विकतोय.’

‘मग?’

‘माझा कंट्रोलर आहे त्यात.’

‘मग मागून घ्या की. त्यात काय जड आहे?’ तिनं चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. दोघं घडी घालू लागले. घडी घालता घालता ती जवळ आली, टोकं त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, ‘एक विचारू? तुम्ही तरी कुठं खेळता हो हल्ली? नुसते ते चौकोन सरकवत बसता.’

ती खोटं बोलत नव्हती, आणि म्हणूनच ते लागलं. शनिवारी दुपारी तो बसायचा. पडद्यावर त्याच्या मालकीचे खेळ ओळीनं यायचे, सेल लागला की घेतलेले, कितीतरी एकदाही न उघडलेले. कपाट भरून साड्या आणि नेसायला काही नाही, अशी बायकांची चेष्टा करतात ना, तसलं. एखादा उघडावा तर तो म्हणायचा, थांबा, आधी नवीन अपडेट उतरू दे. पट्टी हळूहळू भरत जायची. तोवर इरफान मोबाइलवर दुसराच कुणीतरी तोच खेळ खेळत असल्याचा व्हिडिओ बघायचा. पट्टी भरेपर्यंत व्हिडिओत तो माणूस जिंकून मोकळा झालेला असायचा, आणि इरफानला वाटायचं, झालं की, आता आपण काय वेगळं करणार. मग तो गाडी चालवायचा एक खेळ लावायचा. त्यात काही जिंकायचं नसतं. कुठल्यातरी परदेशातला रिकामा रस्ता, दोन्हीकडं झाडं, आणि ट्रक चालवत राहायचं. आठवडाभर हिंजवडीच्या रांगेत बसून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी ट्रक चालवतो, हे बघून फरहत पहिल्यांदा खूप हसली होती. नंतर हसायची थांबली. ट्रक चालवता चालवता त्याला जाणवायचं की आत काहीतरी आटलंय. दुःख म्हणावं तर तसलं काही नाही, दुःखाला निदान धार असते. इथं जिभेची चव जावी तशी खेळायची चवच गेली होती, आणि कुठल्या दिवशी गेली ते त्याला कळलंही नव्हतं. फक्त एका खेळाच्या बाबतीत तसं नव्हतं. एकच खेळ होता ज्याची चव अजून त्याच्या तोंडात होती, आणि तो खेळ त्यानं वर्ष होत आलं तरी हात न लावता ठेवला होता.

तो खाणीचा खेळ. दोन कामगार खाणीत अडकलेत, पाणी चढतंय, आणि दोघांना बाहेर पडायचंय. एकाकडं दिवा, दुसऱ्याकडं दोर. दिवावाला नसला तर दोरवाल्याला काही दिसत नाही. दोरवाला नसला तर दिवावाल्याला खाली उतरता येत नाही. हा खेळ एकट्यानं खेळताच येत नाही. दुसरा माणूस लागतोच, शेजारी तरी नाही तर लांबून तरी. ऋषिकेशनं दिवा घेतला होता, इरफाननं दोर. पावसाळाभर शनिवारी शनिवारी खेळत ते निम्म्याहून जास्त आत गेले. ऋषिकेश दिवा वर धरून म्हणायचा, ‘यायलास का बे? का टेकलास?’ आणि इरफान दोर फेकायचा. मग एक मोठी गुहा आली. समोर तीन बोगदे. मागून पाणी. उजव्या बोगद्यात गेले, बुडाले. मधल्यात गेले, बुडाले. डाव्यात गेले, तिथंही बुडाले. पुन्हा उजव्यात. हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ‘पुढच्या शनिवारी बघू,’ ऋषिकेश उठत म्हणाला, ‘यूट्यूबवर बघायचं नाही हां, शप्पथ. आपणच काढू रस्ता.’ इरफाननं शपथ घेतली. पुढच्या शनिवारी ऋषिकेशला काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याची बायको जुईली, तिच्या भावाचं काहीतरी. मग दिवाळी. मग कधी ‘अरे हो, बसू या एकदा’ असं गेटपाशी, आणि मग गेटपाशी तेही नाही, नुसती मान हलवणं. आणि इरफान थांबला. शपथ म्हणून थांबला, असं तो म्हणायचा. पण खरं सांगायचं तर त्याच्या डोक्यात एक वेडा हिशोब बसला होता: जोवर ते दोघं त्या गुहेत अडकलेत, तोवर ऋषिकेशला कधीतरी यावंच लागेल. आपल्याला खेळायची इच्छा उरलेली नाही. उरलीय ती फक्त ऋषिकेशच्या शेजारी बसून खेळायची. ती गेली की मग काय राहिलं? शनिवार, चादरीच्या घड्या आणि ट्रक.

त्यानं मेसेज केला. चार वेळा खोडून शेवटी एवढाच: ‘माझा कंट्रोलर फोटोत दिसला.’ लगेच उत्तर आलं, हसणाऱ्या तोंडांची रांग आणि मागोमाग फोन. ‘अरे सॉरी बे! माझ्या लक्षातच नाही. जुईलीनं फोटो काढला, मी नुसता टाकला. रविवारी देतो आणून.’ आवाज अगदी नेहमीचा, नांदेडचा, मोकळा. इरफानला वाटलं, उगाच आपण मनाला लावून घेतलं. ‘कामून विकायलास?’ त्यानं ऋषिकेशच्याच भाषेत विचारलं. ऋषिकेश म्हणाला, ‘एक्सबॉक्स घेतला ना बे. दिवाळीत. वर्गणी भरली की शंभर खेळ, विकत घ्यायची भानगडच नाही. सांगणार होतो, पण तू शिव्या देशील म्हटलं.’ इरफान हसला. शिवी पण दिली, जुनी, कँटीनमधली. आणि मग स्वतःच्याही नकळत बोलून गेला, ‘येणारच आहेस तर बसू या का? ती गुहा राहिलीय आपली.’ ‘कुठली गुहा?... हां, हां! खाण! बसू की. येतो चारच्या सुमारास.’ फोन ठेवल्यावर इरफानला आठवत राहिला तो मधला क्षण, ‘कुठली गुहा’ आणि ‘हां’ यांच्यामधला. पण त्यानं तो मनातून ढकलला. माणसाला शंभर कामं असतात.

रविवारी सकाळी तो अब्बांची औषधं द्यायला पौडला गेला. अम्मी गेल्यापासून अब्बा दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहायचे, भुकूमला चला म्हटलं तर ऐकायचे नाहीत. दुकान आता भाड्यानं दिलं होतं, तिथं मोबाइलची कव्हरं लटकत होती. अब्बा खुर्ची टाकून त्याच दुकानापुढं बसले होते, गिऱ्हाइकासारखे. इरफान जरा खुशीत दिसला असावा. अब्बांनी विचारलं, ‘आज काय हाय रं? सण असल्यावानी दिसतुयास.’

‘काही नाही अब्बा. ऋषिकेश यायचाय दुपारी.’

‘त्यो नांदेडचा व्हय? बरं प्वार हाय.’ मग रस्त्याकडं बघू लागले. लवासाकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. ‘ती टॉर्चवाली कंपनी बंद पडली तवा तिचा सेल्समन आला हुता माझ्याकडं,’ अब्बा आपणहून म्हणाले. ‘म्हनला, गनीभाई, मी दुसरीकडं लागलो, आता ह्ये माल घ्या. मी न्हाई घेतला. मला वाटलं, मी न्हाई म्हनलं तर त्येला बरं वाटंल, जुन्या कंपनीची आब राखली म्हनून. त्येला काय बी वाटलं न्हाई. फुडच्या दुकानात ग्येला.’ इरफाननं विचारलं, ‘मग?’ अब्बा म्हणाले, ‘मंग काय? मंग काय बी न्हाई.’ आणि औषधाच्या पुड्या खिशात ठेवल्या.

चारला ऋषिकेश आला. खरंच आला. हातात पिशवी, पिशवीत कंट्रोलर. थोडं पोट सुटलेला, केस रंगवलेले. फरहतला ‘काय वहिनी, चहा मिळंल का’ म्हणाला, सोफ्यावर जुन्या सवयीनं धपकन बसला, आणि इरफानचं काळीज असं भरून आलं की त्याला उगाचच टीव्हीची वायर मागून तपासावीशी वाटली. त्यानं खण उघडला आणि ऋषिकेशचा कंट्रोलर काढून दिला. ‘अरे, चार्ज आहे?’ ऋषिकेश चकित होऊन म्हणाला. इरफान म्हणाला, ‘असाच असेल.’ आपला, रबरवाला, त्यानं हातात घेतला. अंगठा त्या चकतीवर बसला. खेळ उघडला, आश्चर्य म्हणजे अपडेट मागितलं नाही. पडदा काळा झाला, मग पाण्याचा आवाज, थेंब थेंब, आणि ती गुहा. तीन बोगदे. दिव्याच्या उजेडात ते दोघं कामगार अजून तसेच उभे होते, पाण्यात पाय, वर्षभर.

‘हां, आठवलं,’ ऋषिकेश म्हणाला. पाणी चढायला लागलं. इरफान माळ्यावरच्या पोरासारखा पुढं सरकून बसला. ‘डावीकडं बघू या का पुन्हा?’ तो म्हणाला, ‘तिथं वर एक कडी आहे, दोर अडकेल बहुतेक. मी खूप विचार केलाय.’ पण ऋषिकेशचा दिवा डावीकडं गेला नाही. उजवीकडंही नाही. तो सरळ मागं वळला, पाणी जिकडून येत होतं तिकडं, जिकडं कुणी शहाणा माणूस जाणार नाही तिकडं, आणि उलटून पडलेल्या एका ट्रॉलीच्या मागं जाऊन थांबला. तिथं भिंतीत एक भेग होती. माणूस आडवा होऊन जाईल एवढी. ‘अरे!’ ऋषिकेश मोठ्यानं म्हणाला, ‘हे बघ काय आहे इथं! च्यायला, दिसलंच नव्हतं की आपल्याला!’

इरफान बघत राहिला. हे ‘अरे’ त्याला ओळखीचं नव्हतं. सतरा वर्षं तो या माणसाची सगळी ‘अरे’ ओळखत होता. गोल झाल्यावरचं, पगार झाल्यावरचं, बाप गेल्याचा फोन आल्यावरचं. हे ‘अरे’ लहान मुलासमोर काढतात ते होतं. दिवा शोधत गेला नव्हता. दिव्याला माहीत होतं.

‘तू खेळलायस हे,’ इरफान म्हणाला.

‘नाही बे. सहज गेलो मागं.’

‘ऋष्या.’

ऋषिकेशनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. पाणी चढत होतं, पण दोघांपैकी कुणी खेळ थांबवला नाही. ‘एकदाच,’ तो म्हणाला. ‘त्या वर्गणीत हा पण होता. असंच लावला एका रविवारी.’

‘कुणाबरोबर?’ इरफाननं विचारलं, आणि विचारताना त्याच्या डोळ्यांपुढून माणसं सरकून गेली. जुईली असेल, मग ठीकच आहे, बायकोच ती. सौरभ असेल, सौरभ असला तर मात्र वाईट, पण तेही समजण्यासारखं. कुणीही असू दे, त्याचं नाव घेऊन रागावता येईल, मनातल्या मनात त्याच्याशी भांडता येईल, आणि भांडण म्हणजेसुद्धा काहीतरी असतंच.

‘कोण होता काय माहीत,’ ऋषिकेश म्हणाला. ‘ऑनलाइन जोडून देतंय ना ते, ज्याला जोडीदार नाही त्याला. होता कुणीतरी. नाव म्हणजे नुसते आकडे. माईक पण बंद होता त्याचा. बोललो नाही काही. खेळलो, झालं, गेला तो.’ मग मनापासून आश्चर्य वाटून, वाईट हेतूनं मुळीच नाही, तो म्हणाला, ‘तू कामून थांबलास बे एवढं? कुणी पण चालतो की दुसरा. मला वाटलं तू कधीच संपवला असशील.’

फरहत चहा घेऊन आली, दोन्ही कप टीपॉयवर ठेवले, पडद्याकडं बघून म्हणाली, ‘अहो, ते बुडतायत ना?’ आणि आत गेली. खरंच बुडत होते. पाणी दोघांच्या गळ्याशी आलं होतं. तुझ्यासाठी थांबलो, हे दोन शब्दांत सांगता आलं असतं. इरफाननं तोंड उघडलं पण. पण पुढ्यातल्या माणसाला ते ऐकून काय वाटेल, हे त्याला लख्ख दिसलं: काही वाटणार नाही. अवघडल्यासारखं होईल, बस. ‘सॉरी बे’ म्हणेल, आणि पुढच्या वेळी गेटपाशी मोबाइल काढेल. रागसुद्धा येईना. राग यायला समोरच्यानं काहीतरी हिसकावून नेलेलं असावं लागतं. याच्या हातात तर काहीच नव्हतं, त्यानं काही नेलंच नव्हतं. ते जे होतं ते बहुतेक बरीच वर्षं इरफानकडंच होतं, एकट्याकडं.

‘पुढं किती राहिलंय?’ त्यानं विचारलं.

‘हे संपलंच की. या भेगेतून गेलं की एक जिना, मग बाहेर. पाच मिनिटं. फार तर दहा.’

पाच मिनिटं. इरफानला वाटत होतं, अजून बरीच खाण आहे. त्याच्या हिशोबात अजून कितीतरी शनिवार होते, पावसाळा होता, पुढची दिवाळी होती.

‘संपवू या का?’ ऋषिकेश म्हणाला. त्यानं घड्याळ बघितलं नाही, बघायचं टाळलं, ते इरफानच्या लक्षात आलं. ‘आलोच आहे तर संपवून टाकू. तुझं पण राहायला नको.’

इरफाननं मान हलवली. अंगठा स्टिकवर ठेवला. दोरवाला पाण्यातून बाहेर आला, ट्रॉलीच्या मागं गेला आणि भेगेत आडवा शिरला. आत काही दिसत नव्हतं. दिवा पुढं गेला होता. दोरवाला एकदा भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला. ऋषिकेश जिन्याच्या वळणावर पोचला होता. तिथं तो दिवा वर धरून उभा राहिला, पुढं न जाता, हळूहळू मागून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी थांबावं तसा. 

‘ये, ये,’ तो म्हणाला. ‘सावकाश ये. घाई नाही.’